चांदणीच्या ओळी

१

नाशिकरोडला, जेलरोडच्या आतल्या अंगाला, दोन इमारतींची एक साधी कॉलनी होती. तिथं कोणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं आणि जाताना हातातली पिशवी भरलेली होती की रिकामी, हे वॉचमनला विचारून उपयोग नसे. वॉचमन ते नवसाबाईंना विचारून सांगायचा.

नवसाबाई तळमजल्यावर राहायच्या. माहेर कळवणकडचं, शाळा सातवीपर्यंत, वय पन्नाशीच्या पुढं. सगळी कॉलनी त्यांना मावशी म्हणायची. खिडकीच्या जाळीशी गवार निवडायला बसल्या की शेंगा संपेपर्यंत चार घरांची खबर गोळा झालेली असायची. पण माणूस मायेचं. कोणाकडे ताप आला की पहिली चौकशी मावशींची आणि तिच्या पाठोपाठ मुगाची खिचडी. चौकशी नको असली तरी खिचडीसाठी लोक दार उघडत.

एवढी खबर गोळा करून नवसाबाई ती नेत कुठं? तर आपल्याच घरात, आतल्या खोलीत. तिथं त्यांचे मालक पडून होते. गोटीरामभाऊ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. बॉयलरच्या गडगडाटात बोलायची सवय, त्यामुळं घरात मीठ मागितलं तरी वरच्या मजल्यावर ऐकू जायचं. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं आणि तो आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, "कान शाबूत आहेत त्यांचे. तुम्ही बोलत राहा. ऐकता ऐकता एखादा शब्द फुटेलही."

त्या एखाद्या शब्दावर नवसाबाईंनी दोन वर्षं काढली होती. भरवताना, पाठ पुसताना, कूस बदलताना त्या बोलत राहायच्या. कोणाच्या पोरीला स्थळ आलं, कोणाची गच्ची गळते, कोणाच्या सासूनं कोणाला काय ऐकवलं. भाऊ छताकडं बघत पडायचे आणि थोड्या वेळानं डोळे मिटायचे. "दमले वाटतं ऐकून," म्हणून नवसाबाई पांघरूण सारखं करायच्या. भाऊ त्यांना 'नवसे' म्हणून हाक मारायचे, भरल्या बाजारात, माणसांदेखत, न लाजता. ती एक हाक परत यावी. बाकी देवाकडं त्यांचं काही मागणं नव्हतं.

२

दोन हजार सहाचा उन्हाळा. लोडशेडिंगनं माणसं कावली होती. "गच्चीवर गेलं की एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात आणि घरात पंखा नाय," नवसाबाई म्हणायच्या, "दिव्याखाली अंधार तो हाच."

सकाळी गेलेली लाईट दुपारी यायची आणि आली की नवसाबाईंचं पहिलं काम मोटारीचं. दोन्ही इमारतींना जमिनीखालची टाकी एकच, जिची मोटार आधी लागेल तिच्या गच्चीवर पाणी. म्हणून आपल्या इमारतीच्या मोटारीची किल्ली सगळ्यांनी मिळून मावशींकडं दिलेली. पंखा गरकन फिरला की त्या आतल्या खोलीत डोकावायच्या, "अहो, मोटार चालू करून येते!" म्हणून ओरडायच्या, बाहेरचं दार धाडकन ओढायच्या आणि पळायच्या. मोटार म्हातारी. तिच्यात तांब्याभर पाणी ओतायचं, तिनं पाणी धरेपर्यंत तिथंच उभं राहायचं. तेवढ्यात शेजारची प्रतिभा बादली घेऊन यायची आणि मग दहा-पंधरा मिनिटं कुठं जायची ते दोघींनाही कळायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात महेशनं पेटी आणली. महेश दुसऱ्या मजल्यावरचा. त्याची आई गेली त्या वर्षी त्यानं रात्रीची भाकरी मावशींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्यासमोर बसून खाल्ली होती. आता त्याचा केबल इंटरनेटचा धंदा होता. दोन्ही इमारतींतून आणि पलीकडच्या गल्लीतून ओढलेल्या वायरी जिथं येऊन मिळत ती ही पेटी. तो तिला राउटर म्हणायचा. काळी, चपटी, समोर बारा भोकं, प्रत्येक भोकावर एक बारीक हिरवा दिवा.

"तुमच्या आतल्या खोलीत ठेवू का, मावशी? तिथं कायम कोणीतरी असतं. तुमच्याइतका भरवसा मला दुसऱ्या कोणाचा नाही."

भरवसा म्हटल्यावर मावशी विरघळल्या. पेटी भाऊंच्या पायथ्याच्या कपाटावर बसली, शेजारी एक जुना कॉम्प्युटर. घरातला इन्व्हर्टर भाऊंच्या हवेच्या गादीपुरताच चालायचा. त्यामुळं लाईट गेली की पेटी मरायची आणि लाईट आली की फुरफुरत जिवंत व्हायची.

"एवढंच बघायचं," महेशनं शिकवलं. "हिच्या घड्याळाला सेल नाही. लाईट जाऊन आली की ही वेळ विसरते आणि कारखान्यात भरलेल्या तारखेपासून मोजायला लागते. एक मार्च एकोणीसशे त्र्याण्णव."

"रोज?"

"रोज. तुम्ही खरी वेळ सांगेपर्यंत."

"अगं बाई! म्हणजे ही रोज दुपारी तेरा वर्षं मागं?"

महेश हसला. पडद्याच्या कडेला त्यानं एक चिठ्ठी चिकटवली. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत काय टाईप करायचं ते, आणि पुढं तारीख-वेळेची रिकामी जागा. "आणि ही चांदणी बघा. ओळीच्या आधी चांदणी दिसली की समजायचं, पेटीला स्वतःलाच आपल्या वेळेची खात्री नाही. तुम्ही वेळ भरली की चांदणी जाते. तसं मी पुढच्या आठवड्यात हिला वरच्या मोठ्या घड्याळाशी जोडूनच देतो. मग ती आपली आपण वेळ घेईल."

पुढचा आठवडा आला आणि गेला. तसे बरेच गेले.

३

पेटी सगळं टिपून ठेवते हे कळलं आणि नवसाबाईंच्या हाती घबाडच लागलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. कोणत्या भोकाची लाईन कधी चालू झाली, कधी बंद. कोणतं भोक कोणाचं ते महेशनं सांगून ठेवलेलं. मोटारीवरून आल्या की त्या कॉम्प्युटर लावायच्या, भिंतीवरच्या घड्याळात बघून पेटीला वेळ भरायच्या आणि ओळी वाचत बसायच्या. दुपारच्या मालिकांतला रस संपलाच.

"अहो ऐकलं का? समोरचे चिमाजी आप्पा म्हणतात, मी दुपारी पोथी वाचतो. लाईन तर तासभर चालूच! कसली पोथी आहे देव जाणे."

भाऊंनी डोळे मिटले.

वरच्या ओळींना चांदण्या असायच्या. त्या मोटारीच्या वेळातल्या, म्हणजे पेटीच्या हिशेबानं त्र्याण्णवच्या. एक दिवस नवसाबाईंच्या ध्यानात आलं की या चांदणीच्या ओळींत सगळ्यांत पहिली ओळ कायम एकाच भोकाची असते. नऊ, लाईन चालू. आणि चांदण्या संपायच्या जरा आधी, म्हणजे त्या घरात पाऊल टाकायच्या बेताला, नऊ, लाईन बंद. मग दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत नऊचं नाव नाही.

नऊ नंबर कोणाचा? त्यांनी चष्मा पुसून पेटी न्याहाळली. एक ते आठमध्ये वायरी होत्या. नऊचं भोक रिकामं होतं. दहा, अकरा, बारासुद्धा रिकामी, पण त्यांचं कधी नाव नव्हतं.

"जुना माल आहे, मावशी," महेश म्हणाला. "भोकात धूळ गेली की उगाच चालू-बंद दाखवतं."

हे त्यानं पेटीकडं बघून बोलायला हवं होतं. तो बोलला भाऊंकडं बघत.

धूळ म्हटल्यावर उपाय सोपा. नवसाबाईंनी पोळीची कणीक चिमूटभर घेतली, गोळी केली आणि अंगठ्यानं नऊच्या भोकात दाबून बसवली. दुसऱ्या दिवशी मोटारीवरून आल्या तर गोळी खाटेखाली पडलेली, वाळून खडा झालेली. उचलून पाहिली. एका बाजूला त्यांचा अंगठा उमटला होता. दुसऱ्या बाजूला, भोकाच्या आतल्या अंगाला, एक बोट उमटलं होतं.

आपणच दोन्हीकडून दाबली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. कणीक ती, उमटायचीच. गोळी त्यांनी खिडकीतून चिमण्यांना टाकली.

त्याच आठवड्यात त्यांचा पाय मुरगळला. मोटार प्रतिभानं लावली आणि लाईट आल्यापासून नवसाबाई खोलीतच स्टुलावर बसून राहिल्या. त्या दिवशी नऊची ओळ आलीच नाही.

४

मग भांगाचं झालं.

नवसाबाई रोज सकाळी भाऊंचे केस मागं फिरवायच्या, भांग नाही, पडून असलेल्या माणसाला तेच सोयीचं. एका दुपारी मोटारीवरून आल्या तर भाऊंच्या डोक्यावर डावीकडून सरळ भांग, पाण्याचा हात लावून बसवलेला. नोकरीवर जाताना काढायचे तसा. नवसाबाई बघत राहिल्या. गादीतून हवा सुटली असेल, डोकं घसरलं असेल, उशीवर घासून पडला असेल. पण उशीवर घासून पाणी कसं लागेल?

त्यांनी मागचं दार पाहिलं. कडी होती. खिडकीला जाळी होती. बाहेरच्या दाराची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

पुढच्या एका दिवशी मोटारीनं चटकन पाणी धरलं आणि प्रतिभानं त्यांना कढीपत्ता न्यायला आत बोलावलं. प्रतिभाचं स्वयंपाकघर आणि नवसाबाईंची आतली खोली, मध्ये एकच भिंत. कढीपत्त्याचा टहाळा हातात घेऊन नवसाबाई थांबल्या. भिंतीपलीकडं कोणी बोलत होतं. बापई आवाज, दबका, घोगरा. मध्येच बाई हसली.

"तुझा टीव्ही चालू आहे का गं?"

"नाही हो मावशी. वरच्यांचा असेल. लाईट आली की सगळ्यांचे एकदम बोंबलतात." प्रतिभानं कान दिला आणि डोळा मिचकावला. "का भाऊंनी तुमच्या माघारी कोणी ठेवली?"

"ठेवू देत की," नवसाबाई म्हणाल्या, "निदान तिच्याशी तरी बोलतील."

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता नवसाबाईंच्या ध्यानात आलं की भिंतीपलीकडं आता शांत झालंय. घरी आल्या. भाऊ छताकडं बघत होते. कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर ओळ होती. नऊ, लाईन बंद.

त्या रोजच्या जागी बसल्या. आज काय सांगावं ते त्यांना सुचेना.

५

महेश त्यांना जिन्यात सापडला. नवसाबाईंनी सरळ विषय काढला.

"तू पेटी त्या मोठ्या घड्याळाशी जोडणार होतास. कधी?"

"करतो ना. जरा गडबड आहे."

"पुढच्या कॉलनीतल्या तुझ्या पेटीला जोडलं म्हणे. तिच्या पुढच्या पण. तिथं चांदणी येतच नाय. मी विचारून आले." विचारून येणं हे तर मावशींचं कामच. "माझीच तेवढी राहिली?"

महेश जिन्याच्या कठड्यावर नख घासायला लागला.

"महेश."

"मावशी, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"काय?"

"मी जोडायलाच आलो होतो. जूनमध्ये. तुम्ही मोटारीवर होता, त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं. मी पेटीला हात लावला, तर काका नको म्हणाले."

नवसाबाईंना क्षणभर नुसते शब्द ऐकू आले. "काका काय?"

"म्हणाले, राहू दे महेश, आहे तशी असू दे. आणि हिला सांगू नकोस."

"म्हणाले?"

"नेहमीसारखं. म्हणजे पूर्वीसारखं. मोठ्यानं." महेशनं मान वर केली तर त्याचे डोळे भरलेले. "मला आनंदच झाला हो. वाटलं, आवाज आला, आता तुम्हाला अचानक हाक मारून खुश करतील. मग दिवस गेले. मग विचारायची भीती वाटायला लागली. त्यांनी शपथ घातली होती, आईची."

नवसाबाई पायरीवर बसल्या. वरून कोणीतरी भाजीची पिशवी घेऊन उतरलं, "काय मावशी, काय विशेष?" म्हणून गेलं. काय विशेष आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

"त्या वेळी खोलीत अजून कोण होतं?" त्यांनी विचारलं.

महेश दोन पायऱ्या वर गेला, थांबला. "मला वाटलं तुम्हीच आहात," तो म्हणाला. "पाठमोऱ्या होता. मग मी बाहेर आलो आणि तुम्ही तिकडं मोटारीपाशी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस. माझ्या हातची भाकर खाल्लीस ना रे?"

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारीची किल्ली प्रतिभाला दिली. "आज तू लाव. माझं डोकं दुखतंय."

बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर रुमाल गुंडाळला. चपला दाराशी काढून ठेवल्या. पंखा फिरला, पेटी फुरफुरली. त्यांनी रोजच्यासारखं आतल्या खोलीत डोकावलं. भाऊ छताकडं बघत होते.

"अहो, मोटार चालू करून येते!"

आतल्या खोलीचं दार त्यांनी लोटून घेतलं, बोटभर फट ठेवून. बाहेरचं दार उघडलं, रोज ओढत तसं धाडकन ओढलं, आणि स्वतः घरातच राहिल्या. मधल्या बोळकंडीत, अनवाणी, भिंतीला पाठ लावून.

आधी नुसता पेटीचा पंखा. वरच्या मजल्यावर टीव्ही चालू झाला, कसलीशी जाहिरात, मग त्याचा आवाज कोणी कमी केला. बाहेर मोटार घुरघुरायला लागली. नवसाबाईंना वाटलं, आपण खुळ्या आहोत. महेशनं काहीतरी थाप मारली. स्वयंपाकघरात जावं, चहा टाकावा.

खाट करकरली. कडेला कोणी टेकलं की करकरते तशी.

"आज डाळ खारट होती," भाऊ म्हणाले.

तोच आवाज. खणखणीत, सगळ्या घरात भरून राहणारा. नवसाबाईंनी तोंडावर पदर दाबला. दोन वर्षं ज्याच्यासाठी त्या नवस बोलत होत्या तो आवाज चार हातांवर होता आणि डाळ खारट म्हणत होता. त्यांना धावत आत जावंसं वाटलं.

"मग सांगायचं ना," एक बाई म्हणाली.

"कोणाला? तिला? तिला एक सांगितलं की ती दहा सांगत बसंल. दिवसभर चालूच. याच्याकडं हे, त्याच्याकडं ते. लय डोकं उठतं. मी आपले डोळे मिटून घेतो, मग जाते."

बाई हसली. तोंडाला पदर लावून, आणि शेवटी एक बारीक हुंदका दिल्यासारखं. तसं हसणारं माणूस नवसाबाईंना माहीत होतं. दाढा पडायच्या आधी त्या स्वतः तसं हसायच्या.

"वाईट नाय ती," बाई म्हणाली.

"वाईट कुठं म्हणतो मी? करते बिचारी सगळं. पण तू ती तू."

करते बिचारी. पगारावर ठेवलेल्या बाईबद्दल बोलावं तसं. नवसाबाईंचे पाय आपोआप फटीपाशी आले.

खाटेच्या कडेला पाठमोरी बाई बसली होती. मोरपंखी लुगडं, हळदी काठ. ते लुगडं नवसाबाईंनी ओळखलं, त्यांचंच, तेरा-चौदा वर्षांपूर्वीचं. विरलं म्हणून बोहारणीला देऊन त्यावर झाकणाचा डबा घेतला होता, त्यालाही वर्षं झाली. हे विरलेलं नव्हतं. पाठीवर मनगटाएवढी काळी वेणी. बाईचा डावा हात गादीवर टेकलेला आणि त्या मनगटावर भाऊंचा उजवा हात. गेलेला हात. जो नवसाबाई रोज तेल लावून चोळायच्या, ज्याचं एक बोट हलावं म्हणून सप्तशृंगीला साडी बोलल्या होत्या, तो हात त्या बाईच्या बांगड्या एकेक करून मागंपुढं सरकवत होता.

भाऊंनी बाईच्या खांद्यावरून दाराकडं पाहिलं.

त्यांना फटीतला डोळा दिसला असावा. ते दचकले नाहीत. शरमलेही नाहीत. जेवणाच्या वेळेला कोणी आगंतुक दारात उभं राहिलं की कपाळावर पडते तशी एक आठी पडली.

"आली ती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ऊठ."

म्हणजे लाईन बंद करणारे रोज तेच होते. पेटी नव्हे, नऊ नंबर नव्हे. नवसाबाईंच्या चपलांचा आवाज आला की हा माणूस तिला सावध करत होता, आणि मग छताकडं डोळे लावून पडत होता.

बाई उठली नाही. वेणी हलली. मान वळायला लागली, कोण आलंय ते बघायला, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी. कानाची पाळी दिसली. गालाचा उंचवटा दिसला.

नवसाबाईंनी दार ढकललं आणि भिंतीवरचा पेटीचा खटका पाडला.

७

खोलीत भाऊ एकटे होते. उजवा हात चादरीवर उताणा पडला होता, बोटं वाकडी.

"अहो, बोला ना," नवसाबाई म्हणाल्या. "आत्ता बोललात ना? डाळ खारट होती म्हणा. काय पाहिजे ते म्हणा. शिवी द्या." त्यांनी खांदा धरून हलवला. "मी कोणासाठी बोलत होते दिवसभर? तुमच्यासाठीच ना?"

भाऊंनी डोळे मिटून घेतले.

महेशला त्यांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. भाऊंची शपथ मोडायची म्हणून तो घुटमळत होता. "मावशी, एकदा जोडलं की मग..." त्यानं खाटेकडं पाहिलं. "मग कदाचित बोलणार नाहीत."

"माझ्याशी बोलतात कुठं? जोड."

त्यानं जोडलं. लाईट बंद करून, चालू करून दाखवलं. पेटी उठली, एक-दोन ओळींना चांदणी आली, आणि वरच्या कुठल्याशा मोठ्या घड्याळानं तिला वेळ दिली. चांदणी गेली. भिंतीवरचं घड्याळ आणि पेटीचं घड्याळ एका काट्यावर. नऊचं नाव नव्हतं. महेश जाताना पाया पडायला वाकला, तर नवसाबाईंनी पाय मागं घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मोटारीवर गेल्या नाहीत. स्टूल खाटेपाशी घेऊन बसल्या. लाईट आली. कॉम्प्युटर लावला. ओळी येत गेल्या, आप्पांची, वरच्यांची, गल्लीतल्यांची. पहिल्या एक-दोन सोडल्या तर सगळ्या बिनचांदणीच्या, सगळ्या खऱ्या वेळेच्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. नऊ आली नाही.

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. राग होता, तो एका दिवसात जाणार नव्हता. पण माणूस आपलं होतं आणि खोलीत आता दोघंच होती. नवसाबाईंनी वाटीत तेल घेतलं, उजवा हात मांडीवर ओढला आणि चोळायला लागल्या. सवयीनं तोंड उघडलं. "प्रतिभाच्या भावाचं जमलं म्हणे. मुलगी देवळाली कॅम्पातली..."

भाऊंचे डोळे उघडले. छताकडं नाही, सरळ त्यांच्याकडं वळले. ओठ हलले. नवसाबाईंच्या हातातली तेलाची वाटी कलंडली तरी त्यांना कळलं नाही. त्या पुढं वाकल्या.

"बाई," भाऊ म्हणाले. अगदी अदबीनं, ओळख नसलेल्या माणसाशी बोलावं तसं. "तुम्ही जरा बाहेर थांबता का? तुमच्यासमोर ती येत नाय."

तेल लुगड्यात मुरत होतं. नवसाबाईंनी हात चादरीवर ठेवला. पांघरूण सारखं केलं. त्या उठल्या, बाहेर आल्या आणि आपल्यामागं दार लोटलं, बोटभर फट ठेवून. बोळकंडीत त्या उभ्या राहिल्या. फटीतून पडदा दिसत होता. तारीख आजची. वेळ आत्ताची. चांदणी नाही.

पेटीवर नऊच्या भोकावरचा हिरवा दिवा लागला.

मग आतून, सगळ्या घरात भरेल अशा आवाजात, भाऊंनी हाक मारली.

"नवसे!"

नवसाबाईंनी ओ द्यायला तोंड उघडलं, तोवर आतून कोणीतरी ओ दिली होती.